ज्युइश स्टडी बायबल, शेजारी आपलं मराठी बायबल : "दुसरे देव" म्हणजे नक्की कोण?

आधीच सांगते, ज्यांना इंग्रजी बऱ्यापैकी वाचता येतं आणि ज्यांच्या मनात हा प्रश्न कधीतरी येऊन गेलाय त्यांनी हे पुस्तक घ्यावं. पण एकटं वाचू नका, शेजारी मराठी बायबल उघडं ठेवा. का ते खाली सांगतेय, जरा लांबेल.

आमच्याकडे संध्याकाळी घरची प्रार्थना असते, एक अध्याय, एक गीत, मग प्रार्थना आणि मग जेवण. सुट्टीत भाची राहायला आली होती, सातवीत आहे, आणि तेव्हा बायबलातलं निर्गम हे पुस्तक चालू होतं. विसाव्या अध्यायात दहा आज्ञा आल्या आणि ती मध्येच म्हणाली, मावशी, देव एकच आहे ना, मग माझ्याशिवाय दुसरे देव नकोत असं तो कुणाबद्दल म्हणतोय? मी संडे स्कूलमध्ये अकरा वर्षं शिकवतेय, माझ्याकडे ठरलेलं उत्तर होतं, दुसरे देव म्हणजे मूर्ती, माणसाने हाताने केलेल्या वस्तू. ती गप्प बसली. मला मात्र चैन पडेना, कारण पाचच दिवस आधी आम्ही पंधरावा अध्याय वाचला होता, समुद्र ओलांडल्यावरचं गीत, आणि त्यात सरळ विचारलंय की परमेश्वरा, देवांमध्ये तुझ्यासारखा कोण आहे. लाकडाच्या ओंडक्यांमध्ये तुझ्यासारखा कोणी नाही अशी स्तुती कुणी करतं का? आणि त्याच्याही आधी बाराव्या अध्यायात देव म्हणतो की मी मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, सगळ्या देवांना शासन करीन. नसलेल्याला शासन कसं करणार?

म्हणून हे पुस्तक मागवलं. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसचं आहे, संपादक अॅडेल बर्लिन आणि मार्क झ्वी ब्रेटलर, पहिली आवृत्ती २००४ ची, माझ्याकडे २०१४ ची दुसरी आहे. हे ज्यू लोकांचं बायबल आहे, म्हणजे आपण ज्याला जुना करार म्हणतो तेवढंच, नवा करार यात नाही हे आधी लक्षात घ्या. मजकूर ज्युइश पब्लिकेशन सोसायटीच्या इंग्रजी भाषांतराचा, त्याला लागून बारीक टाइपात टीपा, आणि मागे लेख, नकाशे, शब्दसूची. जाडजूड आहे, मी मांडीवर उशी घेऊन वाचते. मागवलं ते एका ऑनलाइन विक्रेत्याकडून, नाव लिहीत नाही, पण नुसत्या पातळ पाकिटात घालून पाठवलं आणि वरचा कोपरा दबून आला, बदलून मागितलं तर पंधरा दिवस फक्त मेसेज येत राहिले, शेवटी तेच ठेवून घेतलं. तुमच्या ओळखीचा पुस्तकवाला मागवून देत असेल तर त्याच्याकडूनच घ्या.

वापरताना पहिल्या दिवशी गोंधळ होतो तो क्रमाचा आणि वचनांच्या आकड्यांचा. पुस्तकांचा क्रम वेगळा, शेवटी मलाखी नाही तर इतिहास येतो. स्तोत्रांच्या वर जी ओळ असते, दावीदाचं स्तोत्र वगैरे, ती इथे वचनात धरतात, त्यामुळे बऱ्याच स्तोत्रांत आकडा एकाने पुढे जातो, ५१ व्या स्तोत्रात दोनने. मलाखीचे आपल्याकडे चार अध्याय, इथे तीनच. संदर्भ शोधताना सापडलं नाही तर पुढचं-मागचं वचन बघा, एवढंच.

आता मुद्द्याचं. बायबलात अनुवाद नावाचं पुस्तक आहे, त्याच्या ३२ व्या अध्यायात मोशेचं गीत आहे. आठव्या वचनात परात्पर देवाने राष्ट्रांना वतनं वाटून दिली, सीमा आखून दिल्या असं आहे, आणि त्या सीमा कशाच्या हिशेबाने आखल्या, तर आपल्या मराठीत इस्राएलच्या वंशजांच्या संख्येप्रमाणे. मी हे वचन कितीदा वाचलं असेल, कधी अडखळले नाही. इथेही वरचा मजकूर तसाच आहे, इस्राएलच्या संख्येचा. पण खाली टीप बघितली आणि थांबलेच. मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांमध्ये १९४७ पासून ज्या गुंडाळ्या सापडत गेल्या त्यातल्या अनुवाद या पुस्तकाच्या एका तुकड्यावर तिथे इस्राएलपुत्र नाही, देवपुत्र आहे. जुन्या ग्रीक भाषांतराच्या बहुतेक प्रतींमध्ये त्या जागी देवदूत आहे, म्हणजे त्या भाषांतरकारांच्या समोरच्या हिब्रू प्रतीतही असंच काहीतरी असणार. मग पूर्ण वचनाचा अर्थच फिरतो. जितके देवपुत्र तितकी राष्ट्रं, प्रत्येक राष्ट्र एकेकाच्या वाट्याला, आणि पुढच्याच नवव्या वचनात इस्राएल हा परमेश्वराचा स्वतःचा वाटा. नववं वचन मला आधी नेहमी जरा सुटं वाटायचं, आता ते आठव्याला बरोबर चिकटलं.

यात अजून एक गंमत आहे. उत्पत्तीच्या दहाव्या अध्यायातली राष्ट्रं मोजतात सत्तर, याकोबाच्या घरातले मिसरला गेलेले जण सत्तर, आणि सीरियात रास शमरा इथे १९२९ पासून उगारीत नावाचं जुनं शहर खणून काढलं तिथल्या मातीच्या पाट्यांवर अथिरत देवीची मुलं पण सत्तर. याचा अर्थ शास्त्र तिकडून उचललं असा मी काढत नाही. पण ज्यांनी हे गीत पहिल्यांदा ऐकलं त्यांना "देवपुत्र" म्हटल्यावर काहीतरी डोळ्यांसमोर येत होतं, ते आपल्या डोळ्यांसमोर येत नाही, एवढं नक्की.

आणि इथेच मराठी बायबल शेजारी का हवं ते कळतं. स्तोत्र ८२ काढा. देव सभेत उभा राहून देवांमध्ये न्याय करतो. या इंग्रजी भाषांतरात पहिला शब्द मोठ्या अक्षराचा गॉड आणि दुसऱ्या जागी "डिव्हाइन बीइंग्ज", दैवी व्यक्ती. निर्गम १५ मध्ये तर देवांच्या जागी "सेलेस्टियल्स" म्हटलंय, आकाशातले. म्हणजे इंग्रजी वाचणाऱ्याला आधीच वेगवेगळे शब्द देऊन टाकलेत, कोण खरा कोण दुय्यम हे भाषांतरकाराने ठरवून दिलंय. हिब्रूत तसं नाही, तिथे स्तोत्र ८२ च्या त्या एकाच वचनात दोन्ही जागी एलोहीम हाच शब्द आहे. मोठं अक्षर लहान अक्षर हा प्रकार हिब्रूत नाही आणि आपल्याकडेही नाही. शिवाय एलोहीम हे रूप अनेकवचनी, पण इस्राएलच्या देवाबद्दल बोलताना क्रियापद बहुतेक वेळा एकवचनी. आपण नाही का म्हणत, देव आला आणि देव आले, देव एकच असतो तरी, फक्त आपल्याकडे आदर क्रियापदात दिसतो. त्यामुळे मराठीत "देव देवांमध्ये" वाचलं की मूळ वाचणाऱ्याला जो धक्का बसतो तोच आपल्याला बसतो. टीपा इंग्रजीत कितीही चांगल्या असल्या तरी तो धक्का मराठीतच आहे, आणि मला याचा फार आनंद झाला.

स्तोत्र ८२ मधले देव म्हणजे माणसं, न्यायाधीश, असा अर्थ ज्यू परंपरेत जुना आहे, मध्ययुगातला ज्यू भाष्यकार राशी, त्यानेही तोच घेतलाय, आणि आमच्याकडेही उपदेशात हाच अर्थ ऐकलाय. पण सहावं-सातवं वचन बघा, तुम्ही देव आहात, परात्पराचे पुत्र आहात, तरी माणसांसारखे मराल. ते आधीच माणसं असतील तर माणसांसारखे मराल ही शिक्षा कसली? मला आता वाटतं की इथे परमेश्वर बाकीच्या देवांवर खटला चालवतोय. आणि आरोप काय, तर गरिबाला, पोरक्याला न्याय दिला नाही. म्हणजे देवपण कशावर ठरतं, तर अनाथाची बाजू घेतली का यावर. हे मला ते आहेत की नाहीत या प्रश्नापेक्षाही मोठं वाटलं.

मग मी झपाटल्यासारखी शोधत गेले. शास्ते ११ मध्ये इस्राएलचा पुढारी इफ्ताह शेजारच्या अम्मोनी राजाला सांगतो की तुझा देव कमोश तुला जे देईल ते तू ठेव, आमच्या परमेश्वराने आम्हाला दिलंय ते आम्ही ठेवतो. शेताच्या बांधावर बोलावं तसं बोलतो. (कमोश खरं तर मवाब या दुसऱ्या शेजारी देशाचा देव, अम्मोन्यांचा मिलकोम, इथे तो कसा आला यावर अभ्यासकांची चर्चा आहे.) २ राजे ५ मध्ये अरामचा सेनापती नामान कोडातून बरा झाल्यावर म्हणतो की इस्राएलाशिवाय पृथ्वीवर कुठेच देव नाही, आणि लगेच दोन खेचरांच्या ओझ्याइतकी माती मागून घेतो, कारण त्याला घरी अराम देशात जाऊन इस्राएलच्या देवाची उपासना करायचीय आणि ती त्या देवाच्या मातीवरच व्हायला हवी. एकाच माणसाच्या तोंडात दोन्ही गोष्टी, देव एकच आहे, आणि प्रत्येक देशाचा देव वेगळा आहे. ही गोष्ट मी मुलांना इतक्यांदा सांगितलीय, यार्देनेत सात बुड्या, कोड गेलं, संपलं. मातीचं कधी सांगितलंच नाही.

मवाबची बाजू सुद्धा आपल्याकडे आहे. १८६८ मध्ये आताच्या जॉर्डनमधल्या धिबान इथे मवाबच्या मेशा राजाचा काळा शिलालेख सापडला, आता पॅरिसला लूव्र म्युझियममध्ये आहे. त्यात मेशा म्हणतो की कमोश आपल्या देशावर रागावला होता म्हणून इस्राएलच्या अम्री राजाने आम्हाला छळलं. नावं बदला, हे शास्ते पुस्तकातलं वाक्य वाटेल. दोन्हीकडची माणसं एकाच पद्धतीने विचार करत होती.

मग "मीच देव, माझ्याशिवाय कोणी नाही" हे इतकं ठणकावून कुठे येतं? यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, ४० व्या अध्यायापासून पुढे. इ.स.पू. ५८६ ला यरुशलेम पडलं, मंदिर जळलं, लोकांना बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, नेलं. नेहमीच्या हिशेबाने बाबेलचा मर्दुक जिंकला आणि आपला देव हरला असंच म्हणायला हवं होतं. आणि नेमकं तेव्हा संदेष्टा उभा राहून म्हणतो की मर्दुक वगैरे कोणी नाहीच, पारसचा, म्हणजे इराणचा, कोरेश राजासुद्धा आमच्याच देवाने बोलावलाय. ४४ व्या अध्यायातला सुतार वाचा, एकच झाड तोडतो, अर्ध्या लाकडावर भाकरी भाजतो, मांस भाजतो, शेकत बसतो, आणि उरलेल्याचा देव करून त्याच्या पाया पडतो. सगळं गमावलेल्या लोकांच्या तोंडून हे येतंय हे लक्षात ठेवून वाचलं की अंगावर काटा येतो. मी संडे स्कूलमध्ये जे उत्तर देत होते ते इथलं होतं, यशयाचं. ते खोटं नाही, पण ते मी निर्गमाच्या तोंडात घालत होते.

दहा आज्ञांबद्दल भाचीला आता मी असं सांगितलं. लग्नात नवरा-बायको शब्द देतात की तुझ्याशिवाय कोणी नाही, म्हणजे जगात दुसरी माणसं नाहीत असं कोणी म्हणत नसतं. त्याच आज्ञेत पुढे देव स्वतःला ईर्ष्यावान म्हणतो, आणि ईर्ष्या वाटायला समोर कोणीतरी लागतं. अनुवाद ६:४, "हे इस्राएला, ऐक", हे या पुस्तकात "परमेश्वर एक आहे" असं न घेता "फक्त परमेश्वरच आपला देव" अशा अर्थाने घेतलंय, म्हणजे मोजदाद नाही, निष्ठा. आपल्या कोकणातले ज्यू, बेने इस्राएल, ज्यांना शनवार तेली म्हणायचे, ते पिढ्यानपिढ्या हेच वचन, ज्याला शमा म्हणतात, म्हणत आले. १८७४ मध्ये पुण्यात त्यांची हिब्रू-मराठी हगादा छापली होती, हगादा म्हणजे मिसरमधून सुटकेच्या वल्हांडण सणाच्या रात्री जे वाचतात ते, आणि त्यात मिसरच्या देवांना शासन करीन हे वचन येतंच.

पुस्तकातली उणीव म्हणाल तर आपल्यासाठी एकच, नव्या करारातली पत्रं लिहिणारा पौल नाही. त्यासाठी मराठी बायबलाकडेच यावं लागतं. १ करिंथ ८ मध्ये तो म्हणतो मूर्ती म्हणजे काहीच नाही, आणि पुढच्याच श्वासात म्हणतो की पुष्कळ देव आणि पुष्कळ प्रभू आहेत, पण आपल्याला एकच देव, पिता. दहाव्या अध्यायात त्यांना भुतं म्हणतो. कुराण याबाबतीत सरळ आहे, सूरा अन-नज्ममध्ये लात, उझ्झा, मनात या तीन अरबी देवींची नावं घेऊन सांगितलंय की ही नुसती तुम्ही आणि तुमच्या पूर्वजांनी ठेवलेली नावं आहेत.

पाळकसाहेबांना टीप दाखवली तेव्हा मला जरा भीती होती. त्यांनी चष्मा काढून दोनदा वाचली आणि म्हणाले, पंडिता रमाबाई उगाच हिब्रू शिकल्या नव्हत्या. केडगावला मुक्ती मिशनमध्ये त्यांनी सगळं बायबल मूळ भाषांवरून सोप्या मराठीत आणलं, १९२२ मध्ये जाईपर्यंत तेच काम करत होत्या. तेव्हापासून मला एकच वाटतंय की अशा टीपा मराठीत हव्यात, याच तोडीच्या, आपल्या देव या शब्दावर लिहिलेल्या. कोणी करत असेल तर मला कळवा, मी पहिली प्रत घेईन आणि प्रुफंही तपासून देईन.

लहान मुलांच्या हातात हे पुस्तक देऊ नका, टीपांचं इंग्रजी जड आहे, आधी आपण वाचून मग सांगावं. भाचीने तिच्या मराठी बायबलात अनुवाद ३२:८ समोर पेन्सिलने बारीक अक्षरात "देवपुत्र?" लिहून ठेवलंय. परवा फोन आला होता, आता ती पलिष्ट्यांच्या दागोन देवाच्या गोष्टीवर आहे, १ शमुवेल ५, आणि विचारतेय की दागोन नुसता दगडच असेल तर परमेश्वराच्या कराराच्या कोशासमोर (पवित्र पेटीसमोर) तो दोन दिवस पालथा का पडला.