पहिले रोमन नाणे कोणते घ्यावे: दिनारियस, अंतोनिनियानस की कॉन्स्टंटाइनच्या काळातले तांब्याचे?

पहिले रोमन नाणे घ्यायचे म्हटले की युरोपातल्या कुठल्याही विक्रेत्याच्या यादीत तीन प्रकार सारखे समोर येतात: पहिल्या-दुसऱ्या शतकातला चांदीचा दिनारियस, तिसऱ्या शतकातला अंतोनिनियानस आणि कॉन्स्टंटाइनच्या घराण्याची छोटी तांब्याची नाणी. माझे मत आधीच सांगतो. एकच नाणे घ्यायचे असेल तर अंतोनिनियानस घ्या, आणि तोही सम्राट तिसऱ्या गोर्डियनचा. नाणी वाचायला शिकायची असतील तर तांब्याची घ्या. दिनारियससाठी थोडे थांबलेले बरे.

जुने म्हणजे महाग, ही समजूत इथे चालत नाही. रोमन टांकसाळींनी अफाट नाणी पाडली, आणि लोकांनी मडक्यांत भरून पुरलेली ती आजही सापडत असतात. भाव ठरतो तो मागणीवर आणि नाण्याच्या स्थितीवर. टायबेरियसचा दिनारियस पाहा. एका बाजूला सम्राट, दुसऱ्या बाजूला बसलेली स्त्री. नाणे दुर्मीळ अजिबात नाही. तमिळनाडूत कोइमतूरच्या परिसरात सापडलेल्या साठ्यांमध्ये ऑगस्टस आणि टायबेरियस यांचेच दिनारियस मुबलक आहेत. तरीही बाजारात ते इतर साध्या दिनारियसच्या कित्येक पट भावाने जाते, कारण बायबलात येशूला दाखवलेल्या कराच्या नाण्याशी त्याचे नाव जोडले गेले आहे.

त्यामुळे दिनारियसच घ्यायचा असेल तर प्रसिद्ध नावांच्या मागे लागू नका. ट्राजन, हेड्रियन, अंतोनायनस पायस किंवा त्याची पत्नी थोरली फॉस्टिना यांचे चांगले दिनारियस साधारण 80 ते 200 युरोंत मिळतात. फॉस्टिना वारल्यावर पाडलेल्या नाण्यांवर ‘दिवा फॉस्टिना’ असा लेख असतो, म्हणजे देवत्व पावलेली. ही नाणी भरपूर आहेत आणि ओळखायलाही सोपी. नीरोने इ.स. 64 च्या सुमारास वजन उतरवले, त्यानंतरचा दिनारियस साधारण सव्वातीन ग्रॅमच्या आसपास भरतो. सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात चांदी जवळपास निम्म्यावर आली, म्हणून त्याचे दिनारियस स्वस्त पडतात. पण कमी पैशांत दिनारियस हवा म्हणून चेहरा पुसलेले, लेख गेलेले नाणे घेऊ नका. तेवढ्याच पैशांत अंतोनिनियानस लखलखीत मिळतो.

हे नाणे काराकाल्लाने 215 मध्ये काढले. ओळखण्याची खूण एकच: सम्राटाच्या डोक्यावर लॉरेलच्या पानांऐवजी सूर्यकिरणांसारख्या टोकांचा मुकुट असतो, आणि सम्राज्ञी असेल तर तिच्या खांद्यांखाली चंद्रकोर. ते दोन दिनारियसांच्या मोलाचे म्हणून चालवले असावे, पण चांदी जेमतेम दीडाची होती. पुढे घसरण इतकी झाली की 270 च्या आसपास चांदी दोन-तीन टक्क्यांवर आली. म्हणून ‘अंतोनिनियानस’ एवढ्यावर भाव सांगता येत नाही, सम्राट कोण ते पाहावे लागते.

तेराव्या वर्षी सम्राट झालेला गोर्डियन (238 ते 244) मला यात सगळ्यात सोयीचा वाटतो. चांदी अजून बरी आहे, नाणे बोटांत जड लागते आणि 30 ते 60 युरोंत सुंदर नमुना मिळतो. एक हातात घेऊन वाचू. पुढच्या बाजूला पोरसवदा चेहरा, भोवती ‘इम्प गोर्डियानुस पायस फेल आउग’: सेनापती, धर्मनिष्ठ, भाग्यवान, ऑगस्टस (इथे ही सम्राटाची पदवी). मागे उभी स्त्री, एका हातात माळ, दुसऱ्यात नांगर, तोही जहाजाचा. लेख ‘लेटिशिया’, म्हणजे आनंद. एवढे जुळले की अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या ‘ओसीआरई’ या मोफत ऑनलाइन सूचीत त्याचा क्रमांक सापडतो, आणि त्या क्रमांकाने पूर्वीचे लिलाव शोधले की भावाचा अंदाज येतो. विक्रेत्याच्या आकड्यावर विसंबू नका.

सम्राट गॅलियेनसची हरणे, सेंटॉर (अर्धा माणूस, अर्धा घोडा) वगैरे प्राण्यांची नाणीही फार गोड आहेत आणि स्वस्तही, पण धातू हलका आणि छाप बहुधा घाईचा.

तांब्याची नाणी 10 ते 25 युरोंची, पण शिकण्यासारखे सर्वात जास्त यांतच. ‘ग्लोरिया एक्सर्सितुस’ या प्रकारात दोन सैनिक समोरासमोर उभे असतात. त्यांच्यामध्ये दोन ध्वज असतील तर नाणे साधारण 330 ते 335 मधले, एकच असेल तर त्यानंतरचे, आणि लहानही. तळाशी टांकसाळीची अक्षरे असतात: ‘टीआर’ म्हणजे ट्रियर, ‘सिस’ म्हणजे सिस्किया, ‘एएनटी’ म्हणजे अंतिओक. त्यांच्या शेजारच्या एखाद्या अक्षरावरून टांकसाळीतला कारखानासुद्धा कळतो. रोमच्या दंतकथेतली लांडगी आणि जुळी मुले असलेले नाणे याच काळातले. मात्र मातीसकट विकले जाणारे ढीग घेऊ नका. चांगली नाणी आधीच काढून घेतलेली असतात.

खोटेपणाचा धोका दिनारियसला सर्वाधिक. कडेवर जोडाची रेघ, सुईच्या टोकाएवढे बुडबुडे, अक्षरांच्या मऊ झालेल्या कडा ही ठशाने न पाडता साच्यात ओतलेल्या, म्हणजे खोट्या नाण्याची लक्षणे. दोन नाण्यांची कडेची तडही तंतोतंत सारखी दिसली तर दोन्ही सोडा. तांब्यावर चांदीचा पत्रा चढवलेले जुन्या काळचे खोटे दिनारियसही असतात. झीज झालेल्या जागी लालसर गाभा दिसतो. तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी भुकटी दिसली तर तो पसरणारा रोग आहे, असे नाणे इतरांजवळ ठेवू नका. घट्ट, गुळगुळीत हिरवा थर मात्र भाव वाढवतो. तो चिंच किंवा ब्रास पॉलिश लावून काढलात की नाण्याची अर्धी किंमत गेलीच समजा.

परदेशातल्या मराठी वाचकांसाठी एक गोष्ट. भारतात 1972 च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांवरचे नाणे पुरावस्तू ठरते. त्याचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. म्हणून संग्रह पुण्या-मुंबईच्या घरी आणायचा की तिकडेच ठेवायचा, हे खरेदीआधी ठरवा, आणि प्रत्येक नाण्याची पावती त्याच्या पाकिटातच ठेवा.