हाम्बुर्गच्या गोदामातलं गालिच्यांचं दुकान

जर्मनीत राहणाऱ्या आणि जुना इराणी किंवा कॉकेशियन गालिचा घ्यायचं मनात असलेल्या मराठी मंडळींसाठी हे लिहितेय. ऑनलाइन फोटो बघून पैसे पाठवू नका. हाम्बुर्गला या आणि श्पायखरश्टाटमध्ये जा. बंदराजवळच्या कालव्यांवरची ही लाल विटांची गोदामं १८८३ पासून बांधली गेली आणि २०१५ मध्ये जागतिक वारसा यादीत आली. कॉफी, चहा, मसाले यांच्याबरोबर पूर्वेकडचे गालिचेही इथे थप्प्यांनी उतरायचे. त्यातले काही व्यापारी अजून आहेत. मी ज्यांच्याकडून घेतला ते मूळचे इराणमधल्या तब्रीझचे, सत्तरी ओलांडलेले गृहस्थ आहेत. दुकान एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर आहे.

मी इचलकरंजीची, टेक्स्टाइल शिकलेली. कापड हातात आलं की आधी उलटी बाजू बघायची, हे आमच्या घरात लहानपणापासून. हातमागाची पैठणी आणि यंत्रमागाची पैठणी यांतला फरकही पदराच्या मागेच कळतो. त्यामुळे या आजोबांनी मी काही म्हणायच्या आत गालिच्याचा कोपरा उलटा केला, तेव्हाच मला दुकान आवडलं.

हाताने गाठ मारलेल्या गालिच्याची नक्षी पाठीवरही जवळजवळ तितकीच स्पष्ट दिसते. पाठीवर कापड चिकटवलेलं असेल तर तो टफ्टेड, म्हणजे गाठी न मारता धागे नुसते खोचलेला; विषय संपला. झालर म्हणजे ताण्याचेच, म्हणजे उभे, उरलेले धागे. ती वेगळी शिवलेली दिसली की शंका घ्यायची. (जुन्या गालिच्यालाही दुरुस्तीत नवी झालर लावतात, म्हणून एवढ्यावरच निकाल देऊ नये.) पण हे झालं मशीनचं. खरी अडचण हाताने विणलेल्या, पण जुना भासवलेल्या नव्या मालाची. त्याच्यावरही गाठी खऱ्याच असतात.

शहरातल्या एका दुकानात मला ‘शंभर वर्षांपूर्वीचा कझाक’ (कॉकेशसकडचा गालिच्याचा एक प्रकार) दाखवला होता. त्याचा ताणा पांढऱ्याशुभ्र सुताचा होता. जुन्या कॉकेशियन कझाकमध्ये ताणा लोकरीचा असतो आणि बाणाही (आडवे धागे) लोकरीचा, बहुतेकदा लाल रंगवलेला. आज अफगाण विणकर त्याच नक्षीचे गालिचे बहुधा सुती ताण्यावर विणतात. ते छानच असतात, आक्षेप फक्त वय खोटं सांगण्याला. शिवाय त्या गालिच्याच्या पाठीला जळक्या केसांचा वास होता. प्रोसेस हाउसमध्ये कापडावरचे तंतू ज्योतीवर जाळतात, त्याला आम्ही सिंजिंग म्हणतो. तो वास मी विसरणं शक्य नाही. वर्षानुवर्षं जमिनीवर घासून जुन्या गालिच्याची पाठ गुळगुळीत होते, नव्याची मात्र केसाळ असते. म्हणून ती बर्नरने जाळतात.

गोदामातल्या आजोबांनी खरा कझाक पुढ्यात टाकला आणि माझं बोट काळ्या रेषांवरून फिरवायला लावलं. तिथली लव (गालिच्यावरचे उभे तंतू) खाली बसली होती, लाल-निळी मात्र उंच. जुन्या पद्धतीत काळा-तपकिरी रंग लोहाच्या क्षारांनी पक्का करत, आणि ते लोह दशकांमागून दशकं लोकर खात राहतं. नकली माल करणारे हाच परिणाम कात्रीने आणतात. पण कात्रीचा काप एका पातळीत, सपाट येतो. खऱ्या झिजेत मध्येच एखादा तंतू उभा राहिलेला सापडतो. हे फोटोत दिसत नाही हो, बोटालाच कळतं.

त्यांच्याकडे एक गालिचा विकायला नाही, फक्त दाखवायला ठेवलेला आहे. त्यावर हिजरी १२१२ विणलंय, म्हणजे साधारण १७९७. मूळ आकडा १३१२ होता, म्हणजे १८९४ च्या आसपासचा. फारसी ३ चा एक दात उपसून त्या जागी पार्श्वभूमीच्या रंगाच्या गाठी भरल्या की त्याचा २ होतो आणि गालिचा शंभर वर्षांनी म्हातारा. पाठीवरून त्या चार-पाच गाठी वेगळ्या, फुगीर दिसतात. ग्राहकाला हे कोण शिकवतं? मला त्यांचं मोठेपण इथेच वाटलं. रोमानियातल्या टिओडोर टुडुकने जुन्या गालिच्यांच्या इतक्या हुबेहूब नकला केल्या की त्या मोठमोठ्या संग्रहालयांत पोचल्या. मग आपल्याला हे सगळं कुणीतरी बसून दाखवायला नको का?

रंगाबद्दलही ते घाई करू देत नाहीत. लव उघडून मुळाशी बघायचं: टोक फिकट आणि मूळ भडक, मध्ये एकदम रेघ, असं दिसलं तर रासायनिक रंग किंवा धुलाईचा संशय. ओला पांढरा रुमाल घासून बघायलाही त्यांनीच दिला.

मी शेवटी इराणमधल्या हमदानकडचा एक खेडवळ गालिचा घेतला. गाठींच्या दोन ओळींच्या मध्ये बाण्याचा एकच धागा, त्यामुळे पाठीवर सुती ताण्याचे पांढरे ठिपके दिसतात; हमदानची ही ओळख. एका कडेची दुरुस्ती त्यांनी आपणहून दाखवली. बिलावर ‘अँटिक’ लिहिलं नाही, ‘अंदाजे १९३०’ लिहिलं, कारण शंभर वर्षं भरलेली नाहीत. किंमत नऊशे युरो. ऑनलाइन याहून स्वस्त मिळतात, पण मला ही रक्कम रास्त वाटली.

तक्रारी आहेतच. किमतीच्या चिठ्ठ्या नाहीत, प्रत्येक वेळी विचारावं लागतं. आत उजेड कमी आहे; गालिचा खिडकीशी न्यायला सांगा, ते नेतात. लिफ्ट नाही, गुडघे दुखणाऱ्यांनी जिन्याचा विचार करावा. इंग्रजी जेमतेम, जर्मन येणारं कुणीतरी बरोबर न्या. गालिचा आठवडाभर घरी नेऊन अंथरून बघायला देतात आणि नाही आवडला तर परत घेतात, मात्र ओळखपत्राची प्रत ठेवून घेतात. शनिवारी दुपारी लवकर बंद होतं, तेव्हा सकाळीच जा आणि निवांत वेळ काढून जा. चहा येतोच.