कोलिब्री की टायनी कोअर?

जुन्या मशीनसाठी या दोन चिमुकल्या ऑपरेटिंग सिस्टिम (ओएस). कोलिब्री ओएस जवळजवळ पूर्ण असेंब्लीत, म्हणजे प्रोसेसरच्या अगदी जवळच्या भाषेत लिहिलेली. १.४४ एमबीच्या फ्लॉपीत डेस्कटॉप, एडिटर आणि वर खेळसुद्धा! ८ एमबी रॅमवर चालते, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सुरू. पण ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे प्रोग्राम) मोजकेच आणि लिनक्सचे प्रोग्राम चालत नाहीत. कौतुकाची चीज, रोजच्या कामाची नाही.

टायनी कोअर सुमारे २३ एमबीची, पण आत खरा लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा. ती सगळी रॅममध्ये उतरते. सुरुवातीला मी सेटिंग्ज लावल्या, मशीन बंद केलं, पुन्हा लावलं तर पाटी कोरी! बंद करताना बॅकअप निवडला तरच 'मायडेटा' फाईलमध्ये सगळं राहतं. ब्राउझर वेगळा उतरवावा लागतो. तिथे मात्र आकाराची बढाई संपते. जुन्या मशीनला कामाला जुंपायचं तर मी हीच घेईन.