बाहीवरचा वाघ घ्यावा की आझाद हिंद पदक?

नेताजींच्या जर्मनीतल्या इंडियन लीजन या हिंदी जवानांच्या तुकडीची एखादी खूण संग्रहात हवी असेल, तर बाजारात मुख्यतः दोन गोष्टी दिसतात: गणवेशाच्या बाहीवरचा कापडी बिल्ला आणि आझाद हिंद पदक. पैसे एकापुरतेच असतील, तर मी बिल्ला घेईन.

केशरी, पांढऱ्या, हिरव्या पट्ट्यांवर झेप घेणारा वाघ आणि वर ‘फ्राइस इंडीएन’ (स्वतंत्र भारत) अशी जर्मन अक्षरं. उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या ब्रिटिश हिंदी फौजेच्या युद्धकैद्यांतून 1942 साली ही तुकडी मुख्यतः उभी राहिली. नकली बिल्ले भरपूर आहेत, पण कापड तपासता येतं. अतिनील दिव्याखाली धागा निळसर-पांढरा चमकला, तर व्यवहार तिथंच सोडा; युद्धानंतरच्या धाग्यांत अशी चमक सर्रास दिसते. मात्र चमकला नाही म्हणजे अस्सल, असंही नाही. मागची वीण, कडा आणि शिलाईच्या खुणा पाहाव्याच लागतात. विक्रेता त्याला सिंगापूरच्या आझाद हिंद सेनेचा बिल्ला म्हणू लागला, तर त्याच्या बाकीच्या मालाकडेही संशयानंच बघा. तिथं जर्मन अक्षरं येतील कुठून!

पदकं दिसायला देखणी. शेर-ए-हिंद, सरदार-ए-जंग, वीर-ए-हिंद, शहीद-ए-भारत अशा श्रेणी. लढाईतल्या कामगिरीसाठी तलवारी असलेलं, इतरांना बिनतलवारीचं. ती जर्मनांनाही मिळत. अडचण घडणावळीची आहे. ती व्हिएन्नाच्या रुडोल्फ सूवाल या कारखान्यानं बनवली आणि त्यानंच युद्धानंतरही संग्राहकांसाठी पदकं काढली. कारखाना तोच, त्यामुळे नुसत्या फोटोवरून काळ ठरवणं जाणकारांनाही जड जातं. सोबत सन्मानपत्र असेल आणि तेही पारखून घेतलेलं असेल, तरच पदकाला हात घालावा.

एक तिसरी वस्तूही दाखवली जाते: वाफेन-एसएस या नाझींच्या सशस्त्र दलाच्या गणवेशासाठीचं, कॉलरवर लावायचं वाघाचं तोंड. ऑगस्ट 1944 मध्ये तुकडी वाफेन-एसएसकडे गेली, तरी जवानांच्या अंगावर भूदलाचाच गणवेश राहिला. म्हणून ‘प्रत्यक्ष वापरलेला’ या शब्दांसाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

सन्मानपत्र घेतलंत, तर एवढं ध्यानात ठेवा: 1972 च्या पुरावशेष कायद्यात इतर वस्तूंना 100 वर्षांची अट आहे, ऐतिहासिक कागदपत्रांना 75 वर्षांची. बिल्ला त्यात अजून येत नाही, कागद येऊ शकतो. तो पुढे परदेशात विकायचा विचार असेल, तर आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा.