रोजची पाच मिलिग्रॅम की सोमवारची मेथोट्रेक्सेट

आमवात म्हणजे काय, रक्ततपासणीतला आर ए फॅक्टर कशाला म्हणतात, हे इथं सांगत बसत नाही. ज्याला सकाळी शर्टाची बटणं लावायला बायकोला हाक मारावी लागते, त्याला ते पाठ असतं. खरा प्रश्न त्याच्या पुढचा. स्टिरॉइडनं सूज उतरते, माणूस हिंडायला-फिरायला लागतो आणि मग एके दिवशी डॉक्टर विचारतात, ही रोजची छोटी गोळी अशीच चालू ठेवायची, की आठवड्यातून एकदाच घ्यायच्या मेथोट्रेक्सेट या आमवातावरच्या दुसऱ्या औषधावर भार टाकून हिला हळूहळू उतरवायचं?

मी दोन्ही घरचं पाणी प्यायलोय. पावणेदोन वर्षं प्रेडनिसोलोन, म्हणजे तीच रोजची स्टिरॉइडची गोळी, आणि आता मेथोट्रेक्सेटचं तिसरं वर्ष. मी डॉक्टर नाही, कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. तेव्हा माझं सांगणं त्याच तराजूत तोला.

आधी स्टिरॉइडची बाजू. तिला नावं ठेवणारे गल्लोगल्ली भेटतात, उपकार मानणारे कमी. माझी सुरुवात तर पुड्यांनी झाली. पाव्हण्यांनी सांगितलेल्या एका माणसाकडून झाडपाल्याच्या म्हणून आणलेल्या. तिसऱ्या दिवशी बोटं मोकळी! वाटलं, सापडला देव. पुड्या संपल्या आणि दुखणं आधीपेक्षा दुप्पट होऊन आलं. पुढं सांधेतज्ज्ञांनी ती हकीकत ऐकली आणि एवढंच म्हणाले, "यात स्टिरॉइड असावं." कुठलं, किती, काही पत्ता नाही. तुम्ही अशा पुड्या घेत असाल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना दाखवून सांगा. पाकिटावर मिलिग्रॅम छापलेली गोळी त्याहून केव्हाही बरी.

आणि ती गोळी चालते. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवातानं जखडलेल्या एका बाईला कॉर्टिसोनची इंजेक्शनं दिली, ती काही दिवसांत चालायला लागली. १९५० मध्ये त्यांना आणखी दोघांबरोबर नोबेल मिळालं. ते वाचताना मला नवल वाटलं नाही. दहा मिलिग्रॅम सुरू केली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी स्वतःच्या हातानं दाढी केली होती. मेथोट्रेक्सेटकडून असली अपेक्षा धरू नका. तिला सहा ते बारा आठवडे लागतात, आणि तोवर बहुतेकांना स्टिरॉइडचाच टेकू असतो. म्हणजे सुरुवातीला हे दोघं भावकीतले वैरी नसतात, एकाच गाडीचे बैल असतात. निवड करायची ती नंतर.

स्टिरॉइडचा त्रास सांभाळायच्या युक्त्या असतात आणि त्या बऱ्यापैकी चालतातही. गोळी सकाळीच, नाष्ट्यानंतर. मी सुरुवातीला दुपारी घ्यायचो, मग रात्री दोन वाजता पंख्याची पाती मोजत पडायचो. सकाळवर आणली आणि झोप निम्म्यानं परत आली. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व पहिल्यापासून, कारण तीन महिन्यांच्या वर घ्यायची तर अडीच मिलिग्रॅमलाही हाडांचा विचार करतात. डोळ्यांची तपासणी, मोतीबिंदू आणि काचबिंदू दोन्हींसाठी. रक्तदाब. पापड, खर्डा, लोणचं यांवर हात आखडता. पोटासाठी म्हणाल तर वेदनाशामक गोळ्या मनानं सोबत घ्यायच्या नाहीत. हे सगळं मी केलं, आणि हे करून वर्षानुवर्षं पाच मिलिग्रॅमवर ठीक असलेली माणसंही मला माहीत आहेत.

चेहऱ्याचं मी मनाला लावून घेतलं नाही. गाल वर आले तेव्हा रंकाळ्यावर फिरताना एक जुना पैलवान भेटला, म्हणाला, "काय दिवाणजी, तब्येत केलीसा की!" या गावात गोल चेहरा म्हणजे दूध-तूप लागलं असाच अर्थ. बायकोनं मात्र पट्ट्याला पाडलेली दोन नवी भोकं बघितली होती.

मला ज्यानं हरवलं, ती भूक.

ही भूक पोटातली नव्हे. पोट भरलेलं असायचं, भूक वेगळीकडूनच कुठून तरी यायची. दोन भाकऱ्यांवर भागणारा माणूस मी, चौथीला हात घालायचो आणि ताट उचललं की डब्यात काय आहे बघायचो. आता आमचा धंदा बघा. सीझनला सौदे चालू असतात, रव्यांच्या, म्हणजे गुळाच्या ढेपांच्या, थप्प्या लागलेल्या. रंग, कडकपणा डोळ्यांना आणि बोटांना कळतो, पण खारट जमिनीतला गूळ जिभेवरच कळतो. शेतकरी म्हणतो, "दिवाणजी, जरा जिभंवर ठिवून बघा की." कणी टोकरायची, जिभेवर ठेवायची, टाळ्याला दाबायची. वीस वर्षं हेच केलं. एका कणीनं काही होत नाही, ती जिभेवर विरते न विरते तोच तुम्ही पुढच्या रव्याकडे वळलेले असता. स्टिरॉइडवर असताना मला कणीवर थांबताच येईना. खडा व्हायला लागला. मग दोन. एका संध्याकाळी सदऱ्याच्या खिशात गुळाचा चुरा सापडला, तो कधी ठेवला हे मला आठवत नव्हतं.

साखर तपासली तर उपाशीपोटी ९४. मी निर्धास्त. इथंच फसगत होते, आणि हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनचा साखरेवरचा जोर दुपारी आणि संध्याकाळी दिसतो. रात्रीत तो ओसरतो, म्हणून सकाळचा रिपोर्ट साळसूद. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी तपासली तर २१८. तेव्हा स्टिरॉइड चालू असेल आणि फक्त उपाशीपोटीचीच साखर बघत असाल, तर जेवणानंतरचीही बघायला सांगा.

डॉक्टरांनी सुचवलं, चव घ्या आणि थुंका. गुळाच्या अडतीत, शेतकऱ्यासमोर, त्याचा गूळ तोंडात घेऊन थुंकायचा! ते मला जमलं नाही. एक हंगाम मी चाखायचं काम दुकानातल्या पोरावर सोपवलं आणि वहीत डोकं घालून बसलो. शेतकरी आधी माझ्याकडे बघायचे, मग त्या पोराकडे. सांधे त्या वेळी उत्तम होते, हेही खरं.

आता दुसरी बाजू, आणि तिथंही सगळं गोड नाही.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकच दिवस. हे वाक्य डॉक्टर तीनदा सांगतात, दुकानदार पाकिटावर लिहून देतो, तरी माणसं रोज घेऊन बसतात आणि ते जिवावर बेततं. आमच्याकडे ती गोळी वेगळ्या स्टीलच्या डबीत, बायकोच्या कपाटात. घेतली की कॅलेंडरवर फुली. फुली दिसली नाही तरी मनानं दुसरी गोळी घ्यायची नाही, आधी विचारायचं.

दुसऱ्या दिवशी मळमळतं. उलटी नाही, पण तोंडाला पाणी सुटून राहतं आणि फोडणीचा वास नको वाटतो. मी आधी शनिवारी रात्री घेत होतो. कोल्हापुरात रविवारी फोडणीचा वास नको असलेल्या माणसानं जायचं कुठं? घरोघरी मटण शिजतंय, तांबडा-पांढरा समोर आलाय आणि मी लिंबू हुंगत बसलोय. दोन रविवार सोसले, मग डॉक्टरांना विचारून वार बदलला. आता सोमवारी रात्री जेवणानंतर. मंगळवारी घरी तसंही वरण-भात असतो. जास्तच मळमळलं तर हेच औषध पोटाच्या कातडीखाली इंजेक्शननं घेता येतं, मला ती वेळ आली नाही.

तोंड येऊ नये म्हणून फॉलिक ॲसिड, मेथोट्रेक्सेटचा वार सोडून. यात एक मजा आहे. मेथोट्रेक्सेट फॉलिक ॲसिडच्याच वाटेत आडवं पडून काम करतं, आणि या दोन्हींच्या मागं एकाच माणसाचं नाव येतं, भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. अमेरिकेत लेडर्ली कंपनीत त्यांच्या हाताखालच्या लोकांनी फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत बनवलं आणि पुढं त्याचे विरोधकही. ते आधी कर्करोगासाठी वापरले गेले, सुब्बाराव १९४८ मध्येच वारले. आमवातासाठी अमेरिकेत मेथोट्रेक्सेटला परवानगी मिळाली ती १९८८ मध्ये. आपल्या माणसाचं औषध म्हणून मी ते घेत नाही, पण डबी उघडताना कधी कधी आठवतं.

खर्च म्हणाल तर दोन्ही गोळ्या स्वस्तातल्या. मेथोट्रेक्सेटला तपासण्यांचा खर्च आणि हेलपाटा. सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि काविळीच्या बी, सी विषाणूंची तपासणी. मग पेशी, लिव्हर, किडनी, आधी दर दोन-चार आठवड्यांनी, आता दर तीन महिन्यांनी. सुई टोचून घ्यायचा मला कंटाळा आहे, दर वेळी मान फिरवतो. दारू जवळपास बंदच. ताप, कोरडा खोकला, दम लागणं यातलं काही असेल तर त्या आठवड्याची गोळी विचारल्याशिवाय घेत नाही. आणि मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी स्पष्ट बोला, गरोदरपणात हे औषध चालतच नाही.

अंगठ्याचं मूळ पावसाळ्यात अजून कुरकुरतं. स्टिरॉइडवर ते गप्प होतं. म्हणजे निव्वळ दुखण्याचा हिशेब मांडला तर प्रेडनिसोलोन माझ्यापुरती थोडी पुढंच होती, हे कबूल करायला हवं. पण भूक गेली. मेथोट्रेक्सेटनं घालवली असं नाही, स्टिरॉइड उतरलं म्हणून गेली. पाचवरून अडीचवर, मग एक दिवसाआड अडीच, असं करत सात महिने लागले. मधे एकदा पंधरा दिवस अंग ठणकत होतं, वाटलं आमवात उलटला. तो उलटला नव्हता. इतके दिवस बाहेरून आयतं स्टिरॉइड मिळत होतं म्हणून मूत्रपिंडावरच्या ग्रंथी आपलं काम विसरलेल्या असतात, त्यांना वेळ द्यावा लागतो. म्हणून ही गोळी मनानं एकदम कधीच सोडायची नाही. उतरवत असताना उलट्या होऊन गोळी पोटात राहिली नाही, तर घरी वाट बघत बसू नका. मी तर दात काढायला गेलो तेव्हाही आधी स्टिरॉइडचं सांगितलं.

माझे डॉक्टर म्हणाले, आता युरोपातल्या सांधेतज्ज्ञांच्या २०२२ च्या शिफारशीही हेच सांगतात, स्टिरॉइड थोड्या काळासाठी आणि जमेल तितक्या लवकर बंद. मला शिफारस खिशातल्या त्या गुळाच्या चुऱ्यानं केली होती. गेल्या दिवाळीनंतर पन्हाळ्याकडच्या एका शेतकऱ्याचा रवा टोकरला, कणी घेतली आणि म्हटलं, किंचित खारट आहे. तो भाव कमी लागणार म्हणून चिडला, मी मनातून खूश.

माझं पारडं कुठं झुकतंय ते लपत नाही. तरी माझ्या आत्याची गोष्ट सांगायला हवी. तिला पंचाहत्तर उलटली, गडहिंग्लजला असते, आमवात तोच. तिची किडनी अधू म्हणून मेथोट्रेक्सेट देता येत नाही, तर बाकीची दोन औषधं करून झाल्यावर तिच्या डॉक्टरांनी विचारपूर्वक पाच मिलिग्रॅमवर ठेवलंय. जेवणानंतरची साखर बघतात, हाडांसाठी औषध आहे, आणि ती अजून स्वतःच्या भाकऱ्या स्वतः थापते. तिच्या गालांवरून मी एकदा थट्टा केली. तो मंगळवार होता, आणि मी तिच्या सोप्यावर लिंबू हुंगत बसलो होतो.

"माझं गाल राहू देत," ती म्हणाली, "तू आधी त्ये लिंबू खाली ठेव आणि दोन घास खा."