शिलालेख की मोडी: आधी कशाला हात घालावा?

मराठी मध्ययुगाची अस्सल साधनं स्वतः वाचायची म्हटलं की पुढ्यात दगड असतो नाहीतर कागद. दगड म्हणजे शिलाहार-यादव काळातले देवनागरी शिलालेख. कागद म्हणजे मुख्यतः मोडी, म्हणजे मराठीच्या जुन्या धावत्या लिपीतली दप्तरं, शिवाय बाळबोध, म्हणजे देवनागरीतल्या पोथ्या. मी आधी दगडाच्या मागे लागलो आणि दोन वर्षांनी मोडीकडे वळलो. आता कुणी विचारलं, तर उलटा क्रम सांगतो.

शिलालेख पहिल्या दिवशी फसवतो. अक्षरं ओळखीची वाटतात, ‘स्वस्ति श्री’ लगेच लागतं आणि हुरूप येतो. मोडीचं पान मात्र पहिल्या दिवशी नुसता गुंता दिसतं: आधी आडवी ओढलेली शिरोरेघ, तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता लिहिलेली अक्षरं. शब्द तोडलेले नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ह्रस्व-दीर्घाचा पत्ता नाही. पण दोन-तीन महिन्यांनी पारडं फिरतं. पत्राचा मायना ठरलेला असतो. ‘राजमान्य राजश्री’पासून ‘बहुत काय लिहिणे’पर्यंत निम्मी वाक्यं सवयीनेच ओळखू येतात. एका पत्रात अडलेलं अक्षर दुसऱ्या पत्रात सुटतं. दगडावर बारा ओळी असतात, त्यातल्या तीन झिजलेल्या, आणि पडताळायला त्याच हातचा दुसरा लेख बहुधा नसतोच.

कालगणनेत मोडी जास्त घाम काढते. शिलालेखात शक असतो. त्यात ७८ मिळवले, वर्षअखेरीची तिथी असेल तर ७९, की झालं. (अंक झिजला असेल तर मात्र पिढ्यान्‌पिढ्या वाद चालतो. अलिबागजवळच्या आक्षीच्या लेखाचं शके ९३४ हे वाचन सगळ्यांना मान्य नाही.) मोडी कागदात सुहूर सन ही वेगळीच वर्षगणना येते, तीही अरबी शब्दांत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’: इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. म्हणजे ११६१. हे वर्ष मृगाला बदलतं, म्हणून जूनपासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेला ५९९ मिळवायचे आणि पुढच्या मृगापर्यंतच्या तारखेला ६००. उत्तर येतं १७६०-६१, पानिपतचं साल. हे एकदा हाताने सोडवलं की भीती जाते.

दगडाची खरी ताकद वेगळीच आहे: त्यावरचं मराठी नंतर कुणी दुरुस्त केलेलं नसतं. ज्ञानेश्वरी शके १२१२ची. पण शके १५०६मध्ये एकनाथांना तिची प्रत शुद्ध करावी लागली, इतके पाठ तोवर बिघडले होते. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरातला ‘चौऱ्यांशीचा’ म्हणून ओळखला जाणारा लेख शके ११९५चा, म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही आधीचा, आणि तो कोरला तेव्हाच्याच भाषेत समोर उभा आहे. पोथी नकलणारा शेवटी प्रामाणिकपणे लिहून मोकळा होतो की जसं पाहिलं तसं लिहिलं, दोष मला देऊ नका. चुकलेल्या अक्षरांवर त्याने फासलेल्या हरताळाचे पिवळे डाग पानावर अजून दिसतात. यादवकालीन भाषेचाच ध्यास असेल, तर दगडाला पर्याय नाही.

पण दगड पायपीट मागतो. एका गावाबाहेरच्या गधेगाळीचे (दान मोडणाऱ्याला शिवी कोरलेल्या दगडाचे) मी भर दुपारी चाळीस फोटो काढले, घरी येऊन पाहतो तर एकही ओळ लागेना. पुन्हा गेलो, सूर्य कलताना. तिरप्या उजेडात अक्षरांच्या कडांना सावली आली आणि कोरा वाटणारा दगड बोलायला लागला. ओला कागद ब्रशने ठोकून ठसा घेणं हा याहून पक्का उपाय, पण तो जाणत्याच्या हाताखालीच, परवानगी घेऊन शिकावा. अक्षरांत खडू भरणारे उत्साही लोक भेटतील. त्यांच्यापासून लांब राहा. खडू चुकीच्या रेषेत भरला, तर फोटोत तीच रेषा खरी ठरते.

कामाचा पसारा पाहिला तर तुलनाच नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, ठेवलेत, तंजावरला सरस्वती महालात मोडी कागद आहेत, आणि कितीतरी घरांत वतनाचे कागद ट्रंकेत पडून आहेत. यातलं बरंच कुणी वाचलेलंच नाही. नवशिक्याच्या हाती नवं काही लागण्याची शक्यता कागदात कितीतरी जास्त. वतनाच्या भांडणांपायी बनावट सनदाही झाल्या, तेवढं सावध राहावं. अर्थात बनावट ताम्रपटही सापडलेच आहेत.

तेव्हा संस्कृत येत असेल, जुन्या मराठीची ओढ असेल आणि एका ओळीसाठी चारदा त्याच गावी जायची तयारी असेल, तरच दगडापासून सुरुवात करा. नाहीतर मोडी. त्यातही पहिला कागद जमाखर्चाचा घेऊ नका. ‘रा॥’, ‘मा॥’ असल्या संक्षेपांनी आणि अपूर्णांकांच्या उभ्या-आडव्या रेघांनी तो चांगल्या वाचकालाही रडवतो. पेशवाईतलं एखादं पत्र घ्या, ज्याचं देवनागरी वाचन छापलेलं आहे असं, आणि छापील पान पालथं ठेवून वाचायला बसा.