घरगुती स्मार्ट वजनकाटा: बेरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतर वजन अडलं तर किती कामाचा?

नागपूरच्या रामदासपेठ किंवा धंतोलीतल्या दवाखान्यातून वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे स्लीव्ह (पोटाचा मोठा भाग कापून त्याची नळी करणं) किंवा बायपास (पोट लहान करून ते थेट आतड्याला जोडणं), करून घरी आल्यावर बरेच जण ब्लूटूथचा काचेचा वजनकाटा घेतात. ऑनलाइन मागवा नाहीतर सीताबर्डीच्या बाजारात जाऊन आणा, साधारण हजार ते अडीच हजारांत मिळतो. काचेवर धातूच्या चार पट्ट्या असतात, मोबाइलमध्ये ॲप असतं आणि अनवाणी उभं राहिलं की वजनासोबत चरबी, स्नायू, पाणी, हाडं, 'शरीराचं वय' असे दहा-बारा आकडे येतात. हे परीक्षण कोणत्याही एका कंपनीच्या मॉडेलचं नाही, कारण या किमतीतल्या काट्यांचं तंत्र जवळजवळ सारखंच आहे. वजन अपेक्षेपेक्षा हळू उतरत असेल तेव्हा हा काटा धीर देतो की घोर लावतो, एवढंच इथे तपासलं आहे. आमचं मत आधीच सांगतो: वजनासाठी काटा चांगला, चरबीच्या टक्क्यासाठी भरवशाचा नाही, आणि ॲपने ठरवलेलं 'लक्ष्य' तर पहिल्याच दिवशी बदलून टाकावं.

घेताना क्षमता बघा. पुष्कळ मॉडेल्स 150 किलोपर्यंतच मोजतात, काही 180 पर्यंत. शस्त्रक्रियेआधीच काटा घेणार असाल आणि वजन 140 च्या पुढे असेल, तर 180 चाच घ्या. काच रुंद असावी, कारण 26 सेंटिमीटरच्या काचेवर जड शरीराच्या माणसाला दोन्ही पाय नीट ठेवता येत नाहीत, तोल पुढे-मागे होतो आणि आकडा हलतो.

घरी आणल्यावर आधी त्याची परीक्षा घ्या. सपाट टाइलवर ठेवा, गालिच्यावर किंवा उंचसखल शहाबादी फरशीवर नको. चारही पाय टेकलेत का, हे कोपरे दाबून बघा. जागा हलवली की एकदा पायाने दाबून चालू करा, शून्य येऊ द्या आणि मगच उभे राहा. हे केलं नाही तर पहिला आकडा चुकीचा येऊ शकतो. आता घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी नुसतं उभं करा, मग त्याच माणसाला 10 किलो तांदळाची सीलबंद थैली घेऊन उभं करा. फरक 10 किलोच्या आसपास, पिशवीच्या वजनासकट 100-200 ग्रॅम इकडेतिकडे, एवढाच यायला हवा. थैली पेशंटने उचलू नये. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही आठवडे जड उचलायला मनाई असते आणि सर्जनने जी मुदत सांगितली असेल तीच खरी.

दुसरी परीक्षा जास्त महत्त्वाची आहे, पण फारसं कुणी ती करत नाही. काही काट्यांमध्ये मागच्या आकड्याची आठवण ठेवलेली असते. नवीन वजन जुन्याच्या अगदी जवळ असलं, तर काटा पुन्हा जुनाच आकडा दाखवतो, म्हणजे ग्राहकाला तो 'अचूक' वाटतो. हळू उतरणाऱ्या माणसासाठी हा दोष घातक आहे, कारण आठवड्यात 300 ग्रॅम उतरलेले असले तरी काटा तसूभर हलत नाही. तपासायला सोपं आहे: वजन करा, खाली उतरा, पाव लिटरची भरलेली पाण्याची बाटली हातात घेऊन पुन्हा चढा. सुमारे 250 ग्रॅम वाढले पाहिजेत. आकडा जागचा हलला नाही तर तो काटा परत करा; परतीची मुदत संपायच्या आत हे करून घ्या.

आता चरबीचा आकडा. काट्याच्या पट्ट्यांमधून अगदी क्षीण वीज एका पायातून चढते आणि दुसऱ्या पायातून उतरते. स्नायूंत पाणी जास्त म्हणून वीज सहज जाते, चरबीत अडते. अडथळा किती झाला त्यावरून, शिवाय तुम्ही भरलेली उंची, वय, लिंग आणि वजन यांवरून, ॲप गणिताने टक्केवारी काढतं. वीज मुख्यतः पायांतून आणि कमरेच्या खालच्या भागातून जाते. ज्या पोटासाठी शस्त्रक्रिया केली, त्याचा तिच्याशी फारसा संबंधच येत नाही. शिवाय ही सूत्रं सर्वसाधारण लोकांवरून बांधलेली आहेत. झपाट्याने वजन उतरणाऱ्या, शरीरातल्या पाण्याचा तोल बदललेल्या माणसाला ती नीट लागू होत नाहीत. हाडांचं वजन आणि 'शरीराचं वय' तर सरळ दुर्लक्ष करण्याजोगे.

नागपुरात याला उन्हाळ्याची भर पडते. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, आणि स्लीव्हच्या पेशंटला घटाघटा पाणी पिता येत नाही. दिवसाला दीड ते दोन लिटर घोट-घोट करत पोटात जायला पाहिजे, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त, पण कूलरसमोर बसलेल्या माणसाला तहान कळत नाही. अंगातलं पाणी कमी झालं की वजन किलोभर कमी दिसतं आणि विजेचा अडथळा वाढल्यामुळे चरबीचा टक्का मात्र वाढलेला दिसतो. 'वजन उतरलं पण चरबी वाढली, म्हणजे स्नायू गेले' असं समजून लोक घाबरतात. प्रत्यक्षात लघवी गडद पिवळी झालेली असते, एवढंच. टाचांना भेगा, जाड कातडी, तळव्यांना लावलेलं तेल, नुकतीच आंघोळ, उन्हातून आल्यावर तापलेले पाय यांनीही आकडा बदलतो. चरबीचा टक्का बघायचाच असेल तर महिन्यातून एकदा, त्याच वेळी, कोरड्या स्वच्छ पायांनी घ्या आणि चार-पाच महिन्यांचा कल बघा. पेसमेकर असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी ही मोजणी करूच नये. फक्त वजन दाखवणारा साधा काटा घ्यावा.

ॲपचा सगळ्यांत मोठा त्रास 'आदर्श वजन' या ओळीचा आहे. उदाहरण घ्या. उंची 160 सेंटिमीटर, शस्त्रक्रियेआधी वजन 112 किलो, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) जवळजवळ 44. या उंचीला बीएमआय 25 म्हणजे 64 किलो. तेव्हा जादा वजन 48 किलो. वर्षभराने ही व्यक्ती 84 वर आली तर 28 किलो उतरले, म्हणजे मूळ वजनाच्या 25 टक्के आणि जादा वजनाच्या 58 टक्के. सर्जनच्या हिशोबाने हा चांगला निकाल आहे. ॲप मात्र तिला लाल पट्टीत 'स्थूल' दाखवत राहतं आणि अजून 20 किलो बाकी असल्याचं सांगतं. शेजारची 95 किलोवरून 65 वर आली म्हणून हिला हळू म्हणायचं का? सुरुवातीचं वजन, वय, मधुमेह, कोणती शस्त्रक्रिया झाली, यांवर वेग ठरतो. हळू उतरणारं वजन हा पेशंटचा गुन्हा नाही, आणि 'एवढा खर्च करून काय उपयोग' असं घरातल्यांनी जेवताना ऐकवणं तर अजिबात सहन करू नये. ॲपमध्ये लक्ष्य स्वतः भरा: मूळ वजनाच्या 25 ते 30 टक्के कमी. रोजच्या सूचना बंद करा.

एक तांत्रिक गोष्ट ध्यानात ठेवा. हे ॲप वजनाच्या जवळिकीवरून माणूस ओळखतं. शस्त्रक्रियेआधी घरात कुणाशी वजन जुळत नसतं, पण उतरता-उतरता ते नवऱ्याच्या किंवा मुलाच्या वजनाजवळ येतं आणि एकाची नोंद दुसऱ्याच्या खात्यात पडते. आलेखात अचानक दोन किलोची उडी दिसली तर आधी हे तपासा.

पहिला अडथळा बहुतेकांना दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात येतो. शरीरात ग्लायकोजेनचा (साठवलेल्या साखरेचा) सुमारे 400-500 ग्रॅमचा साठा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण 3 ग्रॅम पाणी. पहिल्या दिवसांत तो साठा रिकामा होतो म्हणून वजन धबधब्यासारखं पडतं. मऊ आहार सुरू झाल्यावर तो थोडा भरतो, पाणी परत येतं. आतून चरबी जळतच असते, काट्यावर मात्र आठ-पंधरा दिवस काही दिसत नाही. या काळात कुणाच्या सांगण्यावरून पुन्हा द्रव आहारावर जाऊ नका, प्रोटीन कमी करू नका.

वजन घ्यायची रीत अशी: सकाळी उठल्यावर, लघवी-शौचानंतर, काही पिण्याआधी, हलक्या कपड्यांत. रोज घ्यायचं तर सात दिवसांची सरासरी काढा आणि फक्त सरासरी मागच्या आठवड्याशी ताडून बघा. रोजचा आकडा बघून जेवण सोडायची इच्छा होत असेल तर आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. मीठ, बद्धकोष्ठता, मासिक पाळी यांनी एक-दोन किलो सहज वरखाली होतात. काट्यासोबत न ताणणारा फायबरचा टेप घ्या, अगदी स्वस्तात मिळतो. सगळ्यांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, दर दोन आठवड्यांनी मोजा. आमच्या मते या टेपची किंमत काट्याच्या दहा आकड्यांहून जास्त आहे. वजन थांबलं आणि कंबर कमी होत असली तर काम चालू आहे.

सरासरी आणि कंबर दोन्ही चार आठवडे जागची हलली नाहीत, आणि शस्त्रक्रियेला अजून वर्ष झालेलं नाही, तर मात्र शोध घ्यायचा. 12 ते 18 महिन्यांनंतर वजन स्थिरावणं अपेक्षितच असतं.

शोध ताटापासून सुरू होतो. तीन दिवस स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर मोजून सगळं लिहा. तोंडात टाकलेला चिवड्याचा बकाणा आणि चहातली साखरही. लहान झालेल्या पोटाला पोळी-भाजी जड जाते, पण चिवडा, शेव, बिस्कीट, खारी, साबुदाणा हे विरघळून सरळ खाली उतरतात, पोट भरल्याची खूणच मिळत नाही. तळलेल्या चिवड्यात 100 ग्रॅमला साधारण 500 कॅलरी असतात आणि दिवसभरात चिमूट-चिमूट करत तेवढा जाऊ शकतो. उसाचा रस, लस्सी, संत्र्याचा ज्यूस यांचंही तेच. संत्रं खायचं असेल तर फोडी चावून खा. संत्रा बर्फीने बायपास झालेल्याला डंपिंगचा त्रास होऊ शकतो, म्हणजे गोड झपाट्याने आतड्यात उतरल्यामुळे मळमळ, घाम, धडधड. स्लीव्हवाल्याला बरेचदा काहीच होत नाही, म्हणून त्याच्यासाठी ती जास्त धोक्याची. तर्री पोह्यांत तर्रीतले चणे खा, वरचा तेलाचा तवंग सोडा, पोहे दोन चमचे. सावजीत गेलात तर मटणाचे मऊ तुकडे आधी, नीट चावून, रस्सा वाटीत तसाच राहू द्या. दुसऱ्या दिवशी काटा वर दिसला तर त्यात मिठाने धरलेलं पाणीही असतं.

प्रोटीन दिवसाला 60 ते 80 ग्रॅम, किंवा डाएटिशियनने दिलेला तुमचा आकडा. दोन अंडी 12, शंभर ग्रॅम पनीर सुमारे 18, शंभर ग्रॅम शिजलेलं चिकन 27 च्या आसपास. पातळ वरणाच्या वाटीत पाच-सहा ग्रॅमच असतात, म्हणून शाकाहारी घरांत हिशोब हमखास कमी पडतो आणि व्हेचा (दुधापासून केलेल्या प्रोटीन पावडरचा) एखादा स्कूप लागतो. ताटात प्रोटीन आधी, भाजी मग, भात-पोळी शेवटी. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास थांबा. सोबत पाणी प्यायलं की अन्न लवकर पुढे सरकतं आणि भूक पुन्हा लागते. फुटाळा-अंबाझरी तलावावर फिरणं चांगलंच, पण सर्जनची परवानगी मिळाल्यावर आठवड्यातून दोनदा स्नायूंचा व्यायाम हवा, भिंतीला टेकून उठबशा चालतील.

त्यानंतर औषधांची पिशवी काढा. इन्सुलिन, मधुमेहाच्या सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या, स्टेरॉइड, ओलान्झापीन, मिर्टाझापीन, व्हॅल्प्रोएट, प्रेगाबालिन ही औषधं वजन अडवू शकतात. स्वतःहून एकही बंद करायची नाही, डॉक्टरांना पर्याय विचारायचा. टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करा, कारण वजन बदललं की थायरॉइडच्या गोळीचा डोसही बदलावा लागू शकतो. बी12, फेरिटिन (लोहाचा साठा), डी जीवनसत्त्व आणि अल्ब्युमिनही (रक्तातलं प्रोटीन) त्याच वेळी बघून घ्या.

हे सगळं नीट असूनही वजन हलत नसेल तर सर्जन एंडोस्कोपी किंवा बेरियमचा एक्स-रे सांगू शकतात. पोटाची नळी रुंदावली आहे का, जोड नीट आहे का, हे त्यात दिसतं. आता भूक कमी करणाऱ्या औषधांचाही मार्ग आहे. टिर्झेपटाइड भारतात मार्च 2025 पासून आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड जून 2025 पासून मिळतं. शस्त्रक्रियेनंतर ही औषधं आधीच कमी झालेली भूक आणखी कमी करतात, प्रोटीन आणि पाणी दोन्ही घसरतं. म्हणून तुमच्या शस्त्रक्रियेची माहिती असलेल्या डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ती घेऊ नयेत. सतत उलट्या होत असतील तर वजनाचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. बी1 म्हणजे थायमिन कमी पडलं तर नसांना आणि मेंदूला इजा होते.

काटा घ्यावा कुणी? आकड्याकडे शांतपणे बघू शकणाऱ्यांनी. आकडा बघून रडू येत असेल, उपवास सुरू होत असतील, तर हजार रुपये वाचवा आणि वजन फॉलो-अपच्या दिवशी दवाखान्यातच करा. ज्यांच्याकडे काटा आहे त्यांनी फॉलो-अपला जाताना ॲपचा पूर्ण आलेख, कमरेच्या नोंदी, तीन दिवसांची आहारवही, चालू औषधांच्या चिठ्ठ्या आणि डिस्चार्ज कार्ड सोबत न्यावं. 'हळू' म्हणजे नेमकं किती हळू, हे डॉक्टरांना त्या कागदांवरूनच ठरवता येतं.